प्लेटिंगवाल्यांनो, नाकाचं काही झालंय का कुणाला?

भोसरीकर: हार्ड क्रोमच्या टाकीवर, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमचा मुलामा चढवतात तिथे, ११ वर्षं झाली. पहिल्या वर्षीच नाकात खपल्या धरायला लागल्या, सकाळी शिंकरलं की रक्ताचा ठिपका. सगळ्यांनाच व्हायचं, म्हणून कुणी बोलायचं नाही. जुनी माणसं म्हणाली व्हॅसलीन लाव, लावत आलो.

गेल्या महिन्यात बायको दळण आणायला गेली, जाताना "दुधाकडे बघा" म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत मोबाईलवर. ती जिन्यातूनच ओरडत आली. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली आणि गॅस चालूच! मला काही म्हणजे काही कळलं नाही.

पण मिरचीच्या फोडणीचा ठसका घरात सगळ्यात आधी मलाच लागतो. मग नाक गेलं कसं म्हणायचं? सुपरवायझर म्हणतो कोविडचं असेल. कोविडनंतरही मला बोंबील भाजल्याचा वास येत होता हो.

जुना प्लेटर: नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय का बघून घे. मला आहे. दुखत नाही, पण झोपेत शिटी वाजते. बायको विचारायची, रात्री कुकर लावलाय का. टाकीवर बुडबुडे फुटून जो 'धूर' उठतो ना, ते क्रोमिक अ‍ॅसिडचे बारीक थेंब असतात. कापडी मास्कने काय अडणार? आमच्याकडे एक्झॉस्ट फक्त साहेब तपासायला यायचे त्या दिवशी चालायचा.

नाक-कान-घसा: ठसका, अमोनियाची झिणझिण, पुदिन्याचा गारवा हे सगळं चेहऱ्याच्या संवेदनेची नस सांगते. वासाची नस वेगळी, नाकाच्या छताशी. एक शाबूत राहून दुसरी जाऊ शकते. दुर्बिणीने तपासून घ्या, आणि "सर्दी" म्हणून नका सांगू. काम काय, किती वर्षं, ते केसपेपरवर लिहून घ्या. क्रोमचे व्रण कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत आहेत. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग रोज दोनदा हुंगायचा व्यायाम असतो, निदान १२ आठवडे. किती परत येईल याचा शब्द देत नाही. आणि दिवसभर त्याच टाकीवर उभं राहून तो करण्यात अर्थ नाही.

भोसरीकर: आत्ताच करून बघितलं. निलगिरीने गार वाटलं, लवंगेने जरा ऊन. वास कशालाच नाही. सोमवारी रजा टाकून ईएसआयच्या दवाखान्यात जातोय. गॅसचा अलार्म बायकोने कालच बसवला. आणि दादा, शिटी नाहीये अजून, तिने रात्री कान लावून ऐकलं.