स्ग्राफितो: कोरलेलं, खरवडलेलं की आणखी काही?

खापर: आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स काळातल्या (म्हणजे इंग्लंडातल्या हस्तकला चळवळीच्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या) भांड्यांवर लिहितोय, एका शब्दाशी अडलोय. लंडनच्या लॅम्बेथमधला डोल्टन कारखाना आधी रोजच्या वापराची भांडी आणि गटाराचे नळ करणारा. पुढे शेजारच्या कलाशाळेतल्या मुलामुलींना तिथं भांडी सजवायला घेतलं. हॅना बार्लो १८७१ मध्ये आली. ओल्या सुरईवर टोकदार हत्यारानं थेट घोडे, हरणं, शेळ्या काढायची. याला सर्रास ‘स्ग्राफितो’ म्हणतात. मी ‘कोरीवकाम’ लिहिलं, पण वाचताना वेरूळच डोळ्यांपुढे येतं.

सोनचाफा: ‘उत्कीर्ण’ चालेल का?

खापर: ताम्रपटाला शोभेल. शेळीच्या दाढीला नको हो!

आळशी मुंगी: मूळ इटालियन शब्दात ओरखडण्याचा अर्थ आहे, म्हणून ‘खरवडकाम’ म्हणा. दुधाच्या पातेल्याची खरवड आठवा. भांड्याला वेगळ्या रंगाच्या पातळ मातीचा हात द्यायचा, तो थोडा आवळला की वरचा थर खरवडून नक्षी काढायची. खालच्या मातीचा रंग उघडा पडतो, तीच नक्षी. इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या डेला रॉबिया पॉटरीत (१८९४ ते १९०६) असं काम भरपूर झालं.

सोनचाफा: पातळ मातीच्या त्या थराला ‘सारवण’ म्हणावं काय?

आळशी मुंगी: म्हणा, पण वाचकाला शेणाचा वास येईल.

खापर: ‘खरवडकाम’ आवडलं. पण बार्लोच्या सुरईवर खरवडायला थर असतो कुठे? ती अंगच्या मातीतच रेघ ओढते आणि रेघेत गडद रंग चोळून भरते. मग भट्टीत मीठ टाकून झिलई चढवतात. म्हणजे नाव स्ग्राफितो, पण खरवड नाही.

आळशी मुंगी: बरोबर, इंग्रजीत दोन्हींना एकच लेबल लावलंय. आपण कशाला तीच गल्लत करायची? हिच्यासाठी ‘रेखणे’ घ्या.

खापर: रेखलेलं वरवर असतं. काजळ रेखतात, ते पुसताही येतं. इथं रेघ आत गेलीय.

पाटावरवंटा: उशिरा आले. टोकानं अंगात शिरायचं, त्यात रंग भरायचा, तो कायमचा राहायचा. आमच्या आजीच्या हातावर होतं की! गोंदण!

सोनचाफा: गोंदण टोचून, ठिपक्याठिपक्यानं होतं. इथं सलग रेघ आहे.

पाटावरवंटा: खरं आहे. पण रंग आत मुरल्याचा अर्थ ‘रेखणे’त येत नाही, ‘कोरणे’तही नाही. तांत्रिक संज्ञा म्हणून ‘रेघकाम’ लिहा हवं तर, वर्णनात मात्र ‘गोंदलेले घोडे’च छान वाटतील.

खापर: ठरलं. डेला रॉबियाला ‘खरवडकाम’, बार्लोचे घोडे गोंदलेले. पक्षी बहुतेक तिच्या बहिणीचे, फ्लॉरेन्सचे. दोघींनी वाटणीच करून घेतली होती. आणि पाटावरवंटा, हॅनाच्या सुरईच्या बुडाशी ‘बी. एच. बी.’ अशी तिची आद्याक्षरंही असतात, त्याच ओल्या मातीत ओढलेली.

पाटावरवंटा: मग झालंच! आजीच्या हातावर तुळशीखाली नावच होतं.