ग्राफक्यूएलच्या वर्णनात एचटीएमएल चालतं का?

प्रश्न

ग्राफक्यूएल (एपीआयकडून डेटा मागण्याची भाषा) स्कीमातल्या, म्हणजे डेटाच्या आराखड्यातल्या, एका फील्डच्या वर्णनात लिस्ट<इंट> असं लिहिलंय (फाइलमध्ये रोमन अक्षरांत). एका डॉक्युमेंटेशन टूलमध्ये कंसासकट इंट गायब होतं, नुसतं ‘लिस्ट’ उरतं. दुसऱ्या टूलमध्ये सगळं जसंच्या तसं दिसतं. पण ओळ तोडायला घातलेला बीआर टॅग पहिल्यात नीट चालतो आणि दुसऱ्यात अक्षरं म्हणून छापला जातो. स्पेसिफिकेशननुसार बरोबर कोण?

उत्तर 1

पहिलं टूल नियम तंतोतंत पाळतंय. ग्राफक्यूएल स्पेसिफिकेशन एवढंच सांगतं की वर्णन मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर सजवण्याची पद्धत) असावं, आणि मार्कडाउन म्हणजे कॉमनमार्क, त्याचं प्रमाणित रूप. कॉमनमार्क कच्चं एचटीएमएल तसंच पुढे पाठवतं. कोनी कंसात रोमन अक्षराने सुरू होणारा शब्द आला की तो त्याच्या लेखी टॅग. इंट नावाचा टॅग अस्तित्वात आहे की नाही, हे ते पाहत नाही. ब्राउझरला तो टॅग अनोळखी, म्हणून काहीच दिसत नाही.

गंमत म्हणजे <नाव> असं देवनागरीत लिहिलं तर ते छान दिसतं, कारण टॅगचं नाव आस्की (साध्या रोमन) अक्षरानेच सुरू व्हावं लागतं. त्यामुळे मराठी वर्णनांत ही चूक लपून राहते आणि पहिला रोमन शब्द आला की उघडी पडते.

दुसऱ्या टूलने कच्चं एचटीएमएल बंद ठेवलंय. मार्कडाउन-इट या लायब्ररीत ते मुळातच बंद असतं. सर्व्हरचा यात काही संबंध नाही. इंट्रोस्पेक्शनमध्ये (टूल सर्व्हरकडून स्कीमा मागवतं तेव्हा) वर्णन ही साधी स्ट्रिंग म्हणून जाते.

उपाय: टाइपचं नाव बॅकटिकमध्ये (` ही मार्कडाउनमधली कोडची खूण) घाला, दोन्हीकडे सारखं दिसेल.

प्रश्नकर्ता

कंसाऐवजी युनिकोड एस्केप (उलटी तिरकी रेघ, यू आणि अक्षराचा क्रमांक) दिला तर?

उत्तर 2

तिहेरी अवतरणातल्या ब्लॉक स्ट्रिंगमध्ये तो चालत नाही. तिथे एकच एस्केप आहे: तिहेरी अवतरणाच्या आधी उलटी तिरकी रेघ. बाकी सगळं जसंच्या तसं. एकेरी ओळीच्या साध्या स्ट्रिंगमध्ये एस्केप चालतो, पण त्याचा कंस पार्सरच (स्कीमा वाचणारा भाग) करून टाकतो आणि मार्कडाउनच्या हाती पुन्हा टॅगच पडतो! एचटीएमएल एंटिटी (&एलटी;, रोमनमध्ये) मात्र कामाची. ती बॅकटिकच्या आत घालू नका, तिथे तिचा अर्थ लागत नाही, अक्षरंच दिसतात.

बीआर टॅग काढा. ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ द्या. दोन स्पेसनेही ओळ तुटते, पण बरेच एडिटर शेवटच्या स्पेस सेव्ह करताना उडवतात.

उत्तर 3

टेबल टॅगने तक्ता करत असाल तर मध्ये रिकामी ओळ सोडू नका. कॉमनमार्कमध्ये टेबल, डिव्ह, डीटेल्स अशा टॅगचा ब्लॉक रिकाम्या ओळीवर संपतो, बंद करणाऱ्या टॅगवर नाही. पुढची ओळ 4 स्पेस आत असेल तर ती कोड म्हणून छापली जाते. ब्लॉक स्ट्रिंग पहिली सोडून बाकी ओळींचा सामाईक इंडेंट (डावीकडची मोकळी जागा) काढते. त्याहून जास्तीचा तसाच राहतो आणि तोच इथे नडतो.

आणि दुसऱ्याच्या सर्व्हरचं वर्णन तुमच्या पानावर दाखवत असाल, तर स्क्रिप्ट गाळण्याचं काम तुमचं. मार्कडाउनचं एचटीएमएल झाल्यावर गाळा, आधी नव्हे. जावास्क्रिप्टची लिंक मार्कडाउनच्या चौकोनी कंसांतूनही येते, आणि मूळ मजकुरात शोधायला तिथे टॅगच नसतो.