एम.कॉम.ला कॉर्पोरेट फायनान्स शिकवायचंय, १५०० रुपयांत काय घेऊ?

अमळनेरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच तासिका तत्त्वावर लागलोय. निम्मी पोरं मराठी माध्यमातली, सूत्रं घडाघडा म्हणतात पण एनपीव्ही (पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा आज घातलेलं भांडवल) म्हणजे नेमकं काय विचारलं की खाली बघतात. पुस्तक घेऊ, फायनान्शियल कॅल्क्युलेटर घेऊ की कोर्स? बजेट १५००, खिशातूनच.

धुळेकर
टेक्सास कंपनीचा बीए टू प्लस कॅल्क्युलेटर घ्या डोळे झाकून. माझा सात वर्षं झाली चालून रायला. बजेटच्या वर जाईल पण एकदाच घ्यायचं. सीएफएच्या (गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय) परीक्षेला हा नाहीतर एचपीचा ट्वेल्व्ह सी, तिसरा चालतच नाही.

भुसावळ_जंक्शन
एम.कॉम.च्या पोरांना सीएफएचं काय भो? मी पुण्यात क्लास लावलेला, ४० हजार गेले आणि शेवटी सगळं सरकारच्या 'स्वयं' या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट सापडलं, पैसे फक्त परीक्षेला लागतात.

केळीबाग
एक्सेल शिकवा. पण जपून, एक्सेलचं एनपीव्ही पहिला आकडा वर्षाअखेरचा धरतं, म्हणून आज घातलेलं भांडवल फंक्शनच्या बाहेर ठेवून वजा करायचं. मी बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टात आतच टाकलं होतं, साहेबांनी सगळ्यांसमोर कागद परत केला, अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

चोपडा_कॉमर्स
आयआरआरवर (ज्या व्याजदराला एनपीव्ही शून्य होतं तो दर) पण विसंबू नका. आज १०० घाला, वर्षाने २३० मिळाले, दुसऱ्या वर्षी १३२ परत खर्च आला, तर उत्तर १० टक्के पण येतं आणि २० टक्के पण. एक्सेल त्यातलं एकच दाखवतं. हे उदाहरण फळ्यावर कराच, पोरं जागी होतात.

धुळेकर
फळ्यावर कशाला, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं.

नंदुरबारची_ताई
सर, मी पण मराठी माध्यमातलीच. मोदिग्लियानी-मिलर, म्हणजे कर्ज काढल्याने कंपनीची किंमत बदलते का हे सांगणारं सूत्र, माझ्या डोक्यावरून जायचं. मग आमच्या मॅडमनी सांगितलं, कंपनीने १ कोटी कर्ज १० टक्क्यांनी घेतलं तर व्याज १० लाख, ते नफ्यातून वजा होतं, २५ टक्के कर धरला तर अडीच लाख वाचले. १९५८ चं त्यांचं मूळ सूत्र कर नाही असं धरूनच होतं, कराचा हा फायदा त्यांनी १९६३ च्या दुरुस्तीत नीट मांडला. त्या दिवशी घरी येऊन पप्पांना पण समजावलं मी. पुस्तक कुठलंही घ्या, असं आकड्याने सांगा.

भुसावळ_जंक्शन
तेच म्हणतोय, स्वयं फुकट आहे.

अमळनेरचा_मास्तर
सगळ्यांचे आभार. केळीबाग आणि ताईंचं वहीत उतरवून घेतलं. पण विकत काहीच घेत नाही. मामांची कापसाची जिनिंग मिल आहे, त्यांनी मागच्या हंगामाच्या वह्या द्यायचं कबूल केलंय. कपाशीचे पैसे शेतकऱ्याला रोख, गाठींचे मात्र मागून येतात, मधल्या दिवसांचं व्याज कोण भरतं तिथूनच वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्यात अडकणारा पैसा) सुरू करतो. १५०० झेरॉक्सला.

धुळेकर
त्या वह्यांची आकडेमोड करायला कॅल्क्युलेटर लागेलच ना भो.