शब्दचर्चा : नवा सिंटॅक्स ‘सक्षम’ करायचा की ‘लागू’?

धरमपेठ

(चर्चेत प्रत्येकाच्या नावाऐवजी त्याच्या वस्तीचं नाव दिलं आहे.) नागपुरात पदविकेच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची मराठी टिपणं तयार होत आहेत. त्यातलं एक वाक्य अडलं आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नवा सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहिण्याची नवी रचना, येतो, पण तो आपोआप चालत नाही. एक ओळ लिहून किंवा कमांडला एक पर्याय जोडून तो मागून घ्यावा लागतो. पर्लमध्ये ‘यूज फीचर से’, पायथनमध्ये ‘फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट’, जावात ‘एनेबल-प्रिव्ह्यू’. या ‘एनेबल’ला मसुद्यात ‘सक्षम करा’ असं लिहिलंय, आणि पूर्ण वाक्य आहे ‘वैकल्पिक वाक्यरचना सक्षम करा’. वाचताना खडा लागतो. काय लिहावं?

(कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. टाइप करताना मूळ रोमन अक्षरं आणि चिन्हंच हवीत. पायथनच्या ‘फ्यूचर’ला दोन्ही बाजूंनी दोन-दोन अंडरस्कोर लागतात.)

महाल

‘सक्षम’ काढून टाका. सक्षम माणूस होतो, बचतगट होतो. ज्याच्या अंगी क्षमता येते तो सक्षम. पर्लच्या अंगी ‘से’ (मजकूर छापायची आज्ञा) ५.१० या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २००७ पासून आहेच. त्याला बळ द्यायचं नाही. ‘माझ्या या मजकुरात हा नियम धर’ एवढंच पर्लला सांगायचं आहे.

आणि नियमासाठी मराठीत क्रियापद ठरलेलं आहे : लागू करणे. मराठीतला कुठलाही अधिनियम उघडा. सुरुवातीलाच तो कुठे लागू आहे आणि केव्हापासून अमलात येईल ते सांगितलेलं असतं. ‘लागू’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुठवर? हा प्रश्न मुलांच्या डोक्यात यायलाच हवा, कारण निम्म्या चुका हद्दीच्याच असतात. ‘सक्षम’ किंवा ‘सक्रिय’ म्हटलं की तो प्रश्न येत नाही. एकदा सक्षम केलं म्हणजे सगळीकडे झालं, असं वाटून जातं.

हद्दी अशा :

पर्लमध्ये ‘यूज फीचर से’ ज्या महिरपी कंसात लिहिलं, तो कंस संपेपर्यंतच लागू. कंसाबाहेर लिहिलं तर फाइल संपेपर्यंत. त्या फाइलीतून दुसरी फाइल ओढली तरी तिला लागू नाही, तिथे पुन्हा लिहायचं. कमांडवर एका ओळीचा प्रोग्रॅम चालवताना लहान ‘ई’ दिला तर जुनेच नियम, मोठा ‘ई’ दिला तर त्या आवृत्तीतले नवे नियमही लागू.

पायथनमध्ये हद्द नेहमी एका फाइलीची. ओळीची जागाही ठरलेली : तिच्या वर फक्त टिपा, रिकाम्या ओळी, फाइलीची माहिती देणारी डॉकस्ट्रिंग आणि अशाच इतर ‘फ्यूचर’ ओळी चालतात. वर एखादा साधा ‘इम्पोर्ट’ जरी आला तरी ही ओळ फाइलीच्या सुरुवातीलाच हवी, अशी सिंटॅक्स एरर येते. फाइल वाचायची कशी हेच ती ओळ ठरवते, म्हणून अर्धी फाइल वाचून झाल्यावर ती सांगून उपयोग नाही.

रस्ट या भाषेत नियमांच्या संचाला एडिशन म्हणतात आणि तिला वर्षाचं नाव असतं. ‘एडिशन = २०२१’ हे कार्गो या रस्टच्या साधनाच्या फाइलीत लिहितात आणि ते अख्ख्या क्रेटला, म्हणजे कोडच्या एका गठ्ठ्याला, लागू होतं. शेजारचा क्रेट २०१५ च्या एडिशनवर असला तरी दोन्ही एकत्र नांदतात.

सक्करदरा

मग साधं ‘चालू करा’ का नको? आपल्याकडे बोलताना ‘ते फीचर ऑन कर’ नाहीतर ‘चालू कर’ असंच म्हणतात. मुलांना ‘लागू’ सरकारी वाटेल.

महाल

बोलण्यात खुशाल म्हणा. पण ‘चालू’ हा यंत्राचा शब्द आहे, कूलर चालू, मोटर चालू. चालू झालेलं काहीतरी करत असतं. ‘यूज फीचर से’ ही ओळ स्वतः काहीच करत नाही, पुढचं कसं वाचायचं एवढंच ठरवते. ती विसरली की काय होतं ते पाहिलं म्हणजे फरक कळतो. ‘से’ आणि पुढे अवतरणातला मजकूर लिहिला, तर पर्ल प्रोग्रॅम सुरूच करत नाही, सिंटॅक्स एरर देतं. पण ‘से’पुढे चल (व्हेरिएबल) ठेवला, समजा ‘से डॉलर-नाव’, तर जुन्या नियमानं तो मजकूर वैध ठरतो. पर्ल त्याचा अर्थ ‘नाव या वस्तूची (ऑब्जेक्टची) से ही मेथड, म्हणजे तिच्याशी जोडलेलं फंक्शन, बोलाव’ असा लावतं, प्रोग्रॅम सुरू होतो आणि त्या ओळीवर येऊन ‘से नावाची मेथड सापडत नाही’ म्हणून थांबतो. काही बंद पडलेलं नसतं, तीच ओळ जुन्या नियमानं वाचली गेलेली असते. ‘यूज व्ही ५.३६’ लिहिलं की ‘से’ लागू होतो आणि मेथड बोलावण्याची ती आडवळणाची पद्धतही बंद होते. शिवाय स्ट्रिक्ट (कडक तपासणी) आणि वॉर्निंग्ज (इशारे) मिळतात. नव्या फाइलीत मुलांना हीच ओळ शिकवावी.

जावाच्या प्रिव्ह्यूला, म्हणजे अजून कायम न झालेल्या, वापरून बघायला दिलेल्या सोयीला, मात्र ‘चालू करा’ शोभतं. तिथे कूलरसारखी दोन बटनं आहेत, पंख्याचं वेगळं आणि पंपाचं वेगळं. कंपाइल करताना, म्हणजे कोडपासून क्लास फाइल बनवताना, ‘एनेबल-प्रिव्ह्यू’, सोबत ‘रिलीज’ आणि त्याच जेडीकेचा (जावाच्या साधनसंचाचा) आकडा. चालवताना ‘एनेबल-प्रिव्ह्यू’ पुन्हा. दुसरं विसरलं तर प्रिव्ह्यू चालू नाही म्हणून क्लास लोडच होत नाही. जेडीके २१ वर ‘रिलीज २०’ दिलं तरी नकार. अशा क्लास फाइलीच्या आवृत्तीत गौण आकडा ६५५३५ बसतो, त्यामुळे २१ वर बनवलेली फाइल २२ वर चालत नाही, पुन्हा कंपाइल करावी लागते.

इतवारी

क्रियापदाचं पटलं. आता ‘वैकल्पिक’ आणि ‘वाक्यरचना’ बघा, तेही चुकलेत.

वैकल्पिक म्हणजे दोन रूपांपैकी कोणतंही चालेल. इथे तसं नाही. नवा राखीव शब्द लागू झाला की जुना वापर बंदच होतो. रस्टच्या २०१८ च्या एडिशनमध्ये ‘असिंक’ राखीव झाला. त्या नावाचं फंक्शन असेल तर नावाच्या आधी ‘आर’ आणि हॅशचं चिन्ह जोडून लिहावं लागतं. सगळ्यांवर एकदम लादलं असतं तर जुना कोड मोडला असता, म्हणून ज्याला हवं त्यानं घ्यायचं. याला आपला शब्द आहे ऐच्छिक. ऐच्छिक विषय घ्यायचा की नाही हे विद्यार्थी ठरवतो, पण घेतला की त्याचा पेपर द्यावाच लागतो. अर्थ अगदी नेमका बसतो.

‘वाक्यरचना’ अपुरा आहे. पायथन २.२ मधल्या ‘डिव्हिजन’ ओळीनं रचना बदलत नाही, ७ भागिले २ चं उत्तर ३ ऐवजी ३.५ येतं. खूण तीच, अर्थ नवा. ‘सिंटॅक्स’ देवनागरीत तसाच ठेवा. जिथे अर्थच बदलतो तिथे ‘नियम’ म्हणा.

धरमपेठ

मग ‘ऐच्छिक सिंटॅक्स लागू करा’. पण ‘प्रिव्ह्यू’ आणि ‘एक्स्पेरिमेंटल’ यांनाही ऐच्छिकच म्हणायचं का?

इतवारी

नाही, तिथे वेगळा शब्द हवाच. पायथनच्या ‘फ्यूचर’ यादीत आलेला नियम साधारणपणे पुढे सगळ्यांवर येणार असतो : ‘विथ’ २.५ मध्ये ऐच्छिक होता, २.६ मध्ये सक्तीचा झाला. ‘ऐच्छिक’ आणि ‘सक्तीचा’ ही जोडी तिथे चोख. जावाच्या प्रिव्ह्यूची तशी खात्री नाही. स्विचची नवी रचना १२ आणि १३ मध्ये प्रिव्ह्यू होती, १४ मध्ये कायम झाली. उलट स्ट्रिंग टेम्प्लेट (मजकुरातच चलाची किंमत भरायची सोय) २१ आणि २२ मध्ये आले आणि २३ मध्ये काढून टाकले. याला वर्तमानपत्रांतला ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हा शब्दप्रयोग बरोबर बसतो. त्यातच कळतं की हे कायम राहील असं नाही. नुसतं ‘प्रायोगिक’ लिहू नका, मुलांना प्रात्यक्षिकाची परीक्षा आठवेल. रस्टमधलं ‘फीचर’ही याच खात्यात : ते फक्त नाइटली (रोज बनणाऱ्या, चाचणीच्या) कंपायलरवर चालतं, स्टेबलवर (पक्क्या आवृत्तीवर) ई०५५४ ही एरर येते.

सक्करदरा

आणि उलट क्रिया? पर्लमध्ये ‘नो फीचर’ लिहितात, त्याला ‘लागू न करणे’ म्हणायचं?

महाल

‘उठवणे’. जमावबंदी लागू करतात आणि उठवतात. ‘या कंसापुरता हा नियम उठवला’ हे वाक्य सरळ उभं राहतं. भाषा चालवणाऱ्यांनीच नियम काढला, स्ट्रिंग टेम्प्लेटचं झालं तसं, तर ‘मागे घेतला’, विधेयक मागे घेतात तसा. टिपणांत हे दोन शब्द अदलाबदल करू नका : उठवलेला नियम खालच्या ओळीत पुन्हा लागू करता येतो, मागे घेतलेल्यासाठी कोडच बदलावा लागतो.