जादू लिहिणाऱ्या बाईंची सरकारी मदतीवरची कादंबरी: जमली की फसली?

पानदुरुस्ती (धागाकर्ता)

दादरच्या एका वाचक कट्ट्यावर परवा कुणीतरी ठणकावून सांगितलं: फँटसीवाल्यांनी वास्तवाच्या वाटेला जाऊ नये, तिथे छडी फिरवून सुटता येत नाही. पुरावा म्हणून पुढे केली जे. के. रोलिंग यांची 'द कॅज्युअल व्हेकन्सी'. हॅरी पॉटरचा सातवा भाग २००७ चा, ही मोठ्यांसाठीची कादंबरी सप्टेंबर २०१२ ची.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात (शेवट फुटणार आहे, आधीच सांगतो). पॅगफर्ड हे इंग्लंडमधलं टुमदार गाव. तिथल्या पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीचा, सदस्य बॅरी फेअरब्रदर अचानक मरतो आणि जागा रिकामी होते. गावाला चिकटून 'फील्ड्स' ही सरकारी घरांची वस्ती. ती शेजारच्या यार्विल शहराच्या गळ्यात घालायची आणि बेलचॅपल हे व्यसनमुक्ती केंद्र बंद पाडायचं, असा एका गटाचा डाव. बॅरी स्वतः त्याच वस्तीतून वर आलेला, म्हणून आडवा येत होता. वस्तीत हेरॉइनच्या आहारी गेलेली टेरी वीडन, तिची सोळा वर्षांची क्रिस्टल आणि साडेतीन वर्षांचा रॉबी.

माझं मत: फँटसीचा हात बसलेला होता म्हणूनच ही जमली. जादूचं जग रचणारा आधी नियम ठरवतो. काय केलं की काय होतं, मोडलं तर काय भोगावं लागतं. टेरीचं बघा. पुन्हा हेरॉइन घेतलं की मेथाडोनच्या (हेरॉइनऐवजी दिलं जाणारं औषध) कार्यक्रमातून नाव कटणार. नाव कटलं की रॉबीला ताब्यात घ्यायला कारण मिळणार. आणि केंद्राची इमारत पॅरिश कौन्सिलच्या मालकीची, भाडेकरार नव्याने करायचा की नाही हे ठरवणार हॉवर्ड मॉलिसनसारखा चीज विकणारा दुकानदार. त्याचा हात वर गेला की वस्तीतल्या एका पोराचा पत्ता बदलू शकतो. ही साखळी कुठेही तुटत नाही.

तहसील_कट्टा

साखळी मान्य, पण तीत सरकारी कचेरीतलं टेबल कुठे आहे? मदतीवरची कादंबरी म्हणता आणि मदतीचा पैसा कोणत्या तारखेला येतो, कशावरून अडतो, हे जवळजवळ येतच नाही. मला ती गावच्या राजकारणावरची कादंबरी वाटते, वीडन कुटुंब तिथे दारूगोळा म्हणून आलंय.

टेबल म्हणजे काय ते आपल्याकडचंच घ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजना. वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. म्हणजे महिन्याची कमाई १,७५० च्या आत. मुंबईत या पैशात दोन माणसांचा किराणा निघत नाही, खोलीचं भाडं लांबच. तरी गोवंडीतली विधवा चार घरची धुणीभांडी करते, तिला दाखल्यावर ही मर्यादा ओलांडून चालत नाही. अर्ज लिहून देणाऱ्याला ते ठाऊक, दाखला देणाऱ्याला ठाऊक, मंजूर करणाऱ्या समितीलाही ठाऊक. अनुदान मिळणार महिना १,५०० (२०२३ पर्यंत १,००० होते). सगळ्यांनी मिळून एक आकडा खरा मानायचा आणि त्या बाईने जन्मभर धाकात राहायचं, कुणी चौकशी लावली तर? कादंबरी इथे आहे. पॅगफर्डमध्ये असा एकही आकडा मला सापडला नाही.

देवनार_बाग

आकडा नसेल, फाइल आहे ना! के बॉडेन या सरकारी समाजकार्यकर्तीचा भाग पुन्हा वाचा. टेरीची केस मुळात तिची नाही, मॅटी नावाची कार्यकर्ती रजेवर म्हणून तिच्याकडे आलेली. के घरात जाते, पोराची अवस्था बघते, बालवाडीची हजेरी मागते, टेरीशी जरा सूत जमायला लागतं तोवर मॅटी परत येते आणि फाइल जाते. कुणी वाईट वागलेलं नाही. हे बाहेरच्या माणसाला सुचत नाही, त्यासाठी यंत्रणा माहीत लागते.

आपल्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ आहे. काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे आणायचं. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत. आईने स्वतःहून मूल सोपवलं तर फेरविचाराला दोन महिने. कागदावर सगळं चोख. पण अहवाल लिहिणारी आणि पुढच्या तारखेला उभी राहणारी एकच असेल याची खात्री कोण देणार? माणूस बदललं की 'आई सहकार्य करत नाही' एवढं वाक्य उरतं. ती त्या दिवशी का आली नाही, ते आधीच्या कार्यकर्तीच्या डोक्यात राहून जातं. रोलिंगबाईंनी नेमकी ही फट पकडली. एडिंबरोत एकल आई असताना त्या स्वतः सरकारी भत्त्यावर राहिल्या आहेत, हे इथे विसरू नये.

सायन_स्लो

भत्त्यावर राहिलं म्हणजे सगळं कळतं असं नसतं. आता शेवटाकडे या. क्रिस्टलचा हिशेब असा की पोटुशी राहिलो तर कौन्सिलचं घर मिळेल, रॉबीला घेऊन तिकडे जाऊ. इंग्लंडच्या गृहनिर्माण कायद्यात बेघर गरोदर बाईला प्राधान्य आहे, तेव्हा हिशेब खोटा नाही. पण लेखिका काय करते? क्रिस्टल झुडपात मित्राबरोबर, तेवढ्यात रॉबी नदीत बुडतो, मग तिचाही हेरॉइनने शेवट. एका कुटुंबाला मारून गावाला धडा. तीन मोठी माणसं एकट्या रॉबीला नदीकाठी बघतात आणि आपापल्या विचारात पुढे जातात, ती पानं जबरदस्त आहेत, नाकारत नाही. त्यापुढचं मेलोड्रामा. बीबीसीने २०१५ च्या तीन भागांच्या मालिकेत रॉबीला जिवंत ठेवलं, ते उगाच नाही.

खऱ्या यंत्रणेत असा धडाम शेवट होत नाही. अर्ज त्रुटीत पडतो, त्रुटी काढली की आधीच्या दाखल्याची मुदत संपलेली असते.

दुसरं, भाषा. वीडन मायलेकींचे उच्चार तुटकेमोडके छापलेत, कौन्सिलवाल्यांचे स्वच्छ. गरिबाच्याच तोंडाला शुद्धलेखनाचा चिमटा का?

पानदुरुस्ती

भाषेचा मुद्दा शंभर टक्के, आणि मराठीत आणायची म्हटली तर तिथेच माती होईल. टेरीला आपल्या सवयीने 'म्या', 'व्हतं', 'न्हाई' बोलायला लावलं की ती साताऱ्याची होते. ती शहरी कडेची बाई आहे. मानखुर्दची मराठी घ्यायची तर वाक्यातच हिंदी येते: "मेरेको नको सांगू, मी गेलतेना सेंटरला, उनलोगच बंद होते." आणि हॉवर्डलाही त्याची सानुनासिक, तुपाळ प्रमाणभाषा उच्चारासकट द्यायची, मग हिशेब बरोबर.  

मृत्यूबद्दल मात्र पटलं नाही. भाडेकरारावर हात वर करणारे आणि नदीकाठून जाणारे एकाच गावचे आहेत. दोन्हीकडे कुणी ढकललेलं नाही.

देवनार_बाग

मेथाडोनबद्दल एक भर. तिथे बहुधा औषधाच्या दुकानात, औषधविक्रेत्याच्या डोळ्यांदेखत प्यावं लागतं. आपल्या केंद्रांत त्याच कामाचं जास्त करून ब्युप्रेनॉर्फिन: गोळी जिभेखाली, विरघळेपर्यंत नर्ससमोर बसायचं, गिळली तर उपयोग नाही. रोज. म्हणजे सकाळी नाक्यावर उभं राहून बिगारी मिळवणाऱ्याने एक तर गोळी घ्यावी नाही तर काम. केंद्र दोन स्टेशनं लांब गेलं की डोस चुकायला लागतात आणि मग 'पुन्हा नशेत गेला' असा शेरा. म्हणून ती इमारत कुणाची, हा प्रश्न बारीक नाही. सायन_स्लो, तुमचा धडाम आवाज तिथूनच सुरू होतो.

तहसील_कट्टा

हे पटलं. बेलचॅपलपुरता मी मागे येतो, पैशापुरता नाही.

उद्या कुणी राक्षस-पऱ्या सोडून मुंबईवर असं लिहायला बसलंच तर एकच प्रसंग नीट लिहून दाखवावा. अनुदान मंजूर आहे, यादीत नाव आहे, बाई तीन महिने पासबुक भरून आणते, रक्कम नाही. बँक म्हणते आमच्याकडे आलीच नाही. कार्यालय म्हणतं आम्ही सोडली. दोघंही खरं बोलतात. थेट हस्तांतरण अर्जातल्या खाते क्रमांकावर जात नाही, आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या बँकेत जातं. मधे कुणीतरी बचत गटाच्या कर्जासाठी नाहीतर सिमकार्डाबरोबर हिचं नवं खातं उघडून अंगठा घेतलाय, आणि पैसे तिथे साठतायत. ती पासबुक घेऊन चुकीच्या रांगेत उभी आहे.

सायन_स्लो

आणि नव्या खात्याचा ओटीपी जाणार मुलाच्या बंद पडलेल्या नंबरवर. लिहा की तुम्हीच.