शब्दचर्चा: 'वेट डिस्ट्रिब्यूशन हिच'ला मराठीत काय म्हणावं?

आडवीवाट
जड ट्रेलर ओढताना गाडीच्या मागे जो 'वेट डिस्ट्रिब्यूशन हिच' लावतात, तो बसवण्याच्या आणि जुळवण्याच्या सूचना मराठीत लिहितोय. 'भारवितरक अडकवणी' असं काहीतरी कागदावर उतरलं आणि मलाच हसू आलं. मूळ नाव, टंग वेट, स्प्रिंग बार, स्वे (ट्रेलरचं मागून डावी-उजवीकडे हलणं) आणि ॲडजस्टमेंट एवढ्यावर अडलोय. सूचना वाचून माणूस प्रत्यक्ष साखळी ओढणार आहे, त्यामुळे शब्द नुसता शोभिवंत असून भागणार नाही.

तिसराआस
'हिच' तसाच ठेवा. हुक, पिन, बॉल, जॅक जसे मराठीत नांदतात तसा तोही नांदेल. घोळ आहे तो 'वेट डिस्ट्रिब्यूशन'मध्ये, आणि तो इंग्रजीतही आहे. नाव ऐकून लोकांना वाटतं की या साधनाने ट्रेलरचं वजन हलकं होतं, किंवा गाडीची ओढण्याची ताकद वाढते. दोन्ही होत नाही.

होतं ते असं. ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर टेकतं. हा बॉल मागच्या आसाच्याही मागे असतो. म्हणजे मागचा आस झाला टेकू, बॉलवर दाब पडला की गाडीचं नाक वर उचललं जाणार. पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग सैल लागतं, पुढचे ब्रेक हवे तसे धरत नाहीत, रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आकडे मांडून बघू. ट्रेलर २,५०० किलोचा, बॉलवर ३०० किलो. गाडीच्या दोन आसांत ३.३ मीटर, मागच्या आसापासून बॉल १.५ मीटर मागे. पुढच्या आसावरून उचलला जाणारा भार ३०० × १.५ ÷ ३.३, म्हणजे सुमारे १३६ किलो. मागच्या आसावर मात्र ३०० नव्हे, ४३६ किलो वाढतात. बॉलवर ठेवलेल्यापेक्षा जास्त! हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही.

आता हिचच्या स्प्रिंग बारना, म्हणजे हिचपासून मागे ट्रेलरकडे जाणाऱ्या लवचीक सळ्यांना, ताण दिला. समजा इतका दिला की पुढचा गेलेला भार निम्मा परत आला, म्हणजे ६८ किलो. बॉलपासून ट्रेलरचा आस ५ मीटरवर धरला तर या खटाटोपात ट्रेलरच्या आसावर जेमतेम ३४ किलो जातात आणि गाडीच्या मागच्या आसावरचे १०२ किलो उतरतात. एकूण बेरीज तीच, ३००. त्यातले २६६ किलो अजूनही गाडीच्याच चार चाकांवर आहेत.

म्हणून 'वजन कमी करणारा' अशी छटा असलेला कुठलाही शब्द मला नको. 'भारहारक' वगैरे तर अजिबात नाही.

काटेकोर
'वजन' की 'भार', हे आधी ठरवा. वस्तूचं ते वजन, आसावर किंवा बॉलवर पडतो तो भार. ट्रेलरचं वजन २,५०० किलो, बॉलवरचा भार ३०० किलो. बोलताना आपण दोन्ही कसेही वापरतो, पण सूचनांमध्ये ही सीमा पाळली तर वरचा गैरसमज निम्मा आपोआप जातो. वजन बदलत नाही, भार सरकतो.

नावासाठी माझं मत: भारविभाजक हिच. 'वितरण' म्हटलं की धान्य किंवा बक्षिसं आठवतात.

पडवीतला
'भारविभागणी हिच' का नको? विभाजक म्हटल्यावर रस्त्याच्या मधला दुभाजक डोळ्यांसमोर येतो. विभागणी हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे.

काटेकोर
चालेल. माझा आग्रह 'भार'पुरता.

आडवीवाट
भारविभागणी हिच, ठरलं असं धरतो. आता टंग वेट. 'जिभेचं वजन' लिहिण्याची हिंमत नाही.

धुरेवरून
दांडी म्हणा हो! ट्रेलरच्या पुढे निघालेल्या त्या लोखंडी भागाला दांडीच म्हणतात. तिच्यावरचा तो 'दांडीभार'. ब्रिटिश इंग्रजीत यालाच 'नोज वेट' म्हणतात, त्यांना नाक दिसलं, अमेरिकनांना जीभ. आपल्याला दांडी दिसते, आपण तेच लिहावं.

आणि याच्याशी जोडलेला एक नेमका शब्द आपल्याकडे पडून आहे: उलाळ. बैलगाडीत मागे जास्त ओझं पडून पुढचं जू वर जाऊ लागलं की गाडी उलाळ झाली म्हणतात. ट्रेलरमध्ये सामान मागे रचलं की नेमकं हेच होतं, दांडीभार कमी पडतो. इंग्रजीत यासाठी अख्खं वाक्य लागतं.

आडवीवाट
'उलाळ' सगळ्यांना कळेल?

धुरेवरून
पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात अर्थ द्या. शब्द वापरल्याशिवाय कळता कसा होणार?

तिसराआस
उलाळ मला फार आवडला, कारण तो धोक्याचा शब्द आहे. दांडीभार साधारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा उत्तर अमेरिकेतला रूढ ठोकताळा आहे. वरच्या उदाहरणात तो १२ टक्के येतो. युरोपात कारना बहुधा ७५ ते १०० किलोच दांडीभार चालतो, तिथली जुळणी वेगळी आणि हा हिचही तिथे क्वचितच दिसतो. त्यामुळे टक्केवारी लिहिलीत तर ती कुठली ते लिहा, आणि गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा सगळ्यांच्या वर.

मुद्दा असा, की उलाळ ट्रेलर वेगात मागून डुलायला लागतो. तो भारविभागणी हिचने सुधारत नाही. सामान उतरवून पुढे रचणं हाच उपाय. हिच घट्ट केला म्हणून चुकीची रचाई बरोबर ठरत नाही.

पडवीतला
डुलणं नको. पीक डुलतं, झुंबर डुलतं. ज्यात गाडी उलटू शकते त्याला इतका गोड शब्द?

धुरेवरून
मग हेलकावे. 'ट्रेलर हेलकावे घेऊ लागला.' किंवा 'शेपूट मारतो', पण ते बोलण्यात.

काटेकोर
हेलकावे. आणि 'स्वे कंट्रोल'ला 'हेलकावेरोधक' लिहू नका, रोधक म्हणजे ते पूर्ण थांबवतं असं वाटतं. घर्षणपट्टी असो की हिचच्या सांध्यातच घर्षण असो, ते हेलकाव्यांना अटकाव करतं. 'हेलकावे आवरणारी जोडणी' लांब आहे, पण खोटं बोलत नाही. शिवाय सगळ्याच भारविभागणी हिचमध्ये ती असते असंही नाही, तेव्हा दोन गोष्टी एका शब्दात कोंबू नयेत.

आडवीवाट
'स्प्रिंग बार'?

तिसराआस
स्प्रिंग बारच. गॅरेजमध्ये तेच म्हणतील. 'ताणदांडी' सुचवणार होतो, पण दांडी आधीच खर्ची पडली आहे, दोन दांड्या झाल्या की वाचणारा भलतीच धरून ओढेल.

ॲडजस्टमेंटला मात्र एक शब्द पुरणार नाही, कारण तिथे तीन वेगवेगळी कामं आहेत. 'समायोजन करा' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला नक्की काय करायचं ते कळणारच नाही. पहिलं काम मोजायचं, दुसरं बॉलची उंची लावायची, तिसरं ताण द्यायचा.

मोजणी: सपाट जागा, गाडीत प्रवासाला असेल तेवढंच सामान आणि माणसं. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची घ्यायची, समजा ९०० मिमी. मग ट्रेलर बॉलवर टेकवायचा, बार अजून लावायचे नाहीत. नाक उचललं जाऊन उंची ९३० झाली. आता बारना ताण देऊन पुन्हा मोजायची. निम्मा भार परत आणायचा असेल तर ती ९१५च्या आसपास यावी. किती परत आणायचा हे गाडी बनवणारा सांगतो. कुणी निम्मा सांगतो, कुणी जवळजवळ पूर्ण, काही गाड्यांना हा हिच लावूच नका असं पुस्तिकेत स्पष्ट असतं. हवेवर चालणारं सस्पेंशन असेल तर मोजताना ते आपोआप उंची बदलून फसवतं, त्याचीही सूचना पुस्तिकेत पाहावी.

उंची: जोडल्यावर ट्रेलर सपाट किंवा किंचित पुढे झुकलेला राहील, अशा उंचीवर बॉल लावायचा. नाक वर असलेला ट्रेलर नको.

ताण: बारचं मागचं टोक साखळीने दांडीवरच्या ब्रॅकेटला टांगलेलं असेल तर मधल्या कड्या कमी केल्या की ताण वाढतो. तेवढ्याने भागलं नाही तर हिचचं डोकं ट्रेलरच्या बाजूला थोडं खाली झुकवायचं. त्याने बारची मागची टोकं खाली जातात आणि ती वर उचलून अडकवताना बार जास्त वाकतो. काही बनावटींत हे वॉशर घालून करतात, काहींत दातेरी चकत्या असतात.

काटेकोर
'ताण देणे', 'ताण कमी करणे' छान बसतंय. 'टाइट करणे' टाळा. नट आवळतात, बारला ताण देतात. एकच क्रियापद वापरलं तर कुणीतरी बॉलचा नट आवळून 'ताण दिला' म्हणून मोकळा होईल.

पडवीतला
आणि जास्तीचा ताण? लोक म्हणतील, नाक खाली येतंय ना, येऊ दे आणखी.

तिसराआस
तिथेच जुन्या नावाने नुकसान केलंय. या साधनाला पूर्वी 'लोड इक्वलायझिंग हिच' म्हणत, अजूनही काही जण 'इक्वलायझर'च म्हणतात. 'समान' हा शब्द त्यात बसलेला, त्यामुळे गाडी पुढून-मागून सारखीच बसली पाहिजे, असा जुना सल्लाही रूढ होता. म्हणजे पुढचं नाक ट्रेलर नसतानाच्या उंचीच्याही खाली न्यायचं. आता बहुतेक पुस्तिका तसं करू नका म्हणतात. ताण जास्त झाला की मागचा आस हलका होतो, वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतात आणि गाडी-ट्रेलर मधोमध दुमडतात. तेव्हा 'समभार', 'समतोल' असले शब्द या हिचच्या आसपासही फिरकू देऊ नका. मी तर 'जुन्या उंचीच्या खाली कधीही नाही' हे वाक्य ठळक छापीन.

पडवीतला
जॅकनाइफला 'दुमडणं'! हे घ्याच.

आडवीवाट
घेतलं. आणखी एक अडलंय. गाडीच्या मागे चौकोनी तोंडाचा रिसीव्हर असतो, त्याच्या पट्टीवर दोन मर्यादा छापलेल्या असतात, 'वेट कॅरीइंग' आणि 'वेट डिस्ट्रिब्यूटिंग'. दुसरी सहसा मोठी. यांना काय म्हणू?

काटेकोर
'नुसत्या बॉलवर' आणि 'भारविभागणी हिच लावून'. संज्ञा बनवायची गरजच नाही. 'नुसत्या बॉलवर इतके किलो, भारविभागणी हिच लावून इतके किलो.' वाचणाऱ्याला कुठला आकडा आपला, ते लगेच कळतं.

तिसराआस
फक्त एवढं जोडा की मोठा आकडा रिसीव्हरचा आहे, गाडीचा नाही. गाडी, रिसीव्हर, बॉल, हिच, टायर यांतली सगळ्यात लहान मर्यादा लागू. आणि बार निवडताना उलटं लक्ष ठेवा: ते दांडीभाराच्या मानाने फार दणकट घेतले तर दर खड्ड्याला दांडीच्या चौकटीला हादरे बसतात. 'जास्त क्षमतेचा म्हणजे जास्त सुरक्षित' हे इथे लागू नाही.

आडवीवाट
मसुद्यातला सगळ्यात धोक्याचा परिच्छेद टाकतो, चिरफाड करा:

'बार अडकवण्यापूर्वी कपलर (दांडीच्या टोकाचा बॉलवर बसणारा भाग) बॉलवर बंद झाल्याची खात्री करावी. दांडीचा जॅक वापरून ट्रेलरचे पुढचे टोक गाडीच्या मागील भागासह वर उचलावे, म्हणजे बार सैल राहतील. साखळी अडकवून खीळ घालावी आणि मग जॅक खाली घ्यावा. सोडतानाही याच प्रकारे प्रथम जॅक वर घ्यावा.'

धुरेवरून
'खीळ' बरोबर, पिनपेक्षा बरी. पण कर्मणी प्रयोग काढा. 'करा', 'उचला', 'घाला'. हात ग्रीसने माखलेला माणूस 'खात्री करावी' वाचत बसत नाही.

तिसराआस
कारण जोडा, एका ओळीचं. जॅक न उचलता, ताण असताना साखळी सोडली तर बार आणि साखळी सोडायला हातात धरलेली पहार उसळून येते. 'उसळून' हाच शब्द ठेवा, 'निसटू शकते' नको, निसटणं सौम्य आहे. आणि घर्षणपट्टीवाला हेलकाव्यांचा आवर असेल तर मागे घेताना, तीव्र वळण असेल तेव्हा ती पट्टी आधी काढा, नाहीतर ती वाकते. हे बहुतेक पत्रकांत असतं, तुमच्याकडे सुटलेलं दिसतंय.

आडवीवाट
सुटलंच होतं. नवा मसुदा:

'कपलर बॉलवर बंद झाला आहे ना, ते हलवून पाहा. जॅकने दांडी आणि गाडीचा मागचा भाग एकत्र वर उचला. बार सैल होतील. साखळी अडकवा, खीळ घाला, मग जॅक खाली घ्या. सोडतानाही आधी जॅक वर घ्या. ताण असताना साखळी सोडली तर बार उसळून इजा होते. ट्रेलर तीव्र वळणात मागे घेण्यापूर्वी घर्षणपट्टी काढा.'

काटेकोर
'हलवून पाहा' आवडलं. 'एकत्र' काढा, तिथे त्याची गरज नाही. बाकी जाऊ द्या छपाईला.