जुन्या म्युझिक सर्व्हरवरच्या सीडी-रिप एनएएसवर न्यायच्या आहेत: नावं, एसएमबी आणि वीज

खंजिरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. सार्वजनिक वाचनालयाचा संगीत विभाग आहे. भजनं, नाट्यगीतं, शास्त्रीय, लोकसंगीत मिळून ६४० च्या आसपास सीडी. सगळ्या एका म्युझिक सर्व्हरवर रिप केलेल्या, म्हणजे फाइली करून उतरवलेल्या आहेत (सीडी आत घालायची, तो स्वतःच रिप करतो, त्या प्रकारचा). सर्व्हर जुना आहे, आत १ टीबीची लॅपटॉप डिस्क, कंपनीचे अपडेट बंद झालेत. एकूण २७० जीबी भरलेत. पहिल्या दोनेकशे सीडी डब्ल्यूएव्हीमध्ये आहेत, बाकी फ्लॅकमध्ये (दोन्ही आवाजाच्या फाइलींचे प्रकार).

आता दोन डिस्कचं एनएएस (नेटवर्कला जोडायची फाइलींची पेटी) घेतलंय, ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ (दोन्ही डिस्कवर तीच प्रत). अडचणी अशा:

विंडोज ११ च्या लॅपटॉपवर सर्व्हर उघडतच नाही, विंडोज ७ च्या जुन्या पीसीवर उघडतो. त्या पीसीवरून वायफायने थोडं कॉपी करून पाहिलं, तर डब्ल्यूएव्हीचे अल्बम एनएएसवर नुसते 'ट्रॅक ०१, ट्रॅक ०२' दिसतात. सर्व्हरच्या ॲपमध्ये मात्र नावं बरोबर आहेत. काही फ्लॅक फाइलींची नावं विचित्रच झाली, रोमन अक्षरं, मधे टिल्ड (~), शेवटी 'एफएलए'. आणि वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, कॉपी मधेच तुटते.

बऱ्याच सीडींवर चरे आहेत, पुन्हा रिप करणं जमणार नाही. काम कोणत्या क्रमाने करावं?

---

चौरेचाळीस_दशांश_एक

आधी कॉपी थांबवा. नावांचा प्रश्न सर्व्हर चालू आहे तोवरच सुटतो. त्याची डिस्क गेली तर ती नावं कुठूनच परत मिळणार नाहीत.

कारण असं आहे. फ्लॅकमध्ये टॅग (गाणं, गायक, अल्बम यांची नावं) फाइलीच्या आतच असतात आणि ते यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीत, म्हणून देवनागरी नावंही फाइलीबरोबर जातात. डब्ल्यूएव्हीमध्ये टॅग ठेवायची पक्की, सर्वमान्य रीत नाही. त्यामुळे बरेच सर्व्हर डब्ल्यूएव्हीची नावं आपल्या डेटाबेसमध्ये नाहीतर अल्बमच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत ठेवतात. तुम्ही आवाज उचलला, नावं तिथेच राहिली.

सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्हीचं फ्लॅक करण्याचा पर्याय आहे का ते पाहा. असला तर त्यावरच सगळं रूपांतर करून घ्या. बहुतेक ठिकाणी रूपांतर करताना सर्व्हर डेटाबेसमधली नावं फाइलीत लिहून टाकतो. आधी एकच अल्बम करा, तो पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या पीसीवर एमपी३टॅग या टॅग पाहायच्या-बदलायच्या प्रोग्राममध्ये उघडा. कलाकार, अल्बम, ट्रॅक क्रमांक, सगळं दिसलं तरच बाकीचे लावा. १ टीबीच्या डिस्कवर २७० जीबीच भरलेत, म्हणजे जागेची चिंता नाही.

दर्जा कमी होईल ही भीती नको. सीडीचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक तोच डेटा घडी घालून ठेवतं, त्यातला एक बिटही बदलत नाही. तासाभराची सीडी डब्ल्यूएव्हीत ६३५ एमबीच्या घरात जाते, फ्लॅकमध्ये बहुधा त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. एकटा आवाज आणि खंजिरी असलेली जुनी मोनो रेकॉर्डिंग तर अजूनच लहान होतात. खात्री हवी असेल तर फूबार२००० या प्लेअरमध्ये दोन ट्रॅक बिट-बिट ताडून पाहायचा जोड-घटक मिळतो. चार-पाच अल्बम ताडून पाहा.

सर्व्हरवर असा पर्याय नसेल तर ॲपमधल्या प्रत्येक डब्ल्यूएव्ही अल्बमच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. दोनशे स्क्रीनशॉट हे कंटाळवाणं काम आहे, पण ते आजच करा. नंतर फूबारने फ्लॅक करा आणि एमपी३टॅगमध्ये यादी चिकटवा. नेटवरून आपोआप नावं मिळतील या भरवशावर राहू नका. असे जुने सर्व्हर ज्या फ्रीडीबीवरून नावं आणायचे ती सेवा २०२० मध्ये बंद झाली. म्युझिकब्रेन्झ ही तशीच दुसरी सेवा चालू आहे, पण गावोगावच्या भजनी मंडळांच्या सीडी तिथे सापडतीलच असं नाही.

टॅग हाताशी आहेत तोवर आणखी एक करून घ्या. जिथे दर ट्रॅकला गायक वेगळा आहे तिथे 'अल्बम आर्टिस्ट' या रकान्यात 'विविध कलाकार' लिहा. तो रकाना रिकामा असला तर पुष्कळ प्लेअर एका अल्बमचे दहा तुकडे करून दाखवतात.

विचित्र नावांचं कारण: सर्व्हर आतून लिनक्स आहे. लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह चालतं, शेवटी टिंबही चालतं. विंडोजला यातलं काहीच चालत नाही. म्हणून सर्व्हरवरचा सांबा (लिनक्सवरच्या फाइली विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) अशा फाइलींना तात्पुरतं आठ-तीन अक्षरांचं (आठ नावाची, तीन विस्ताराची) नाव देऊन दाखवतो, आणि विंडोज तेच नाव कॉपी करतो. विस्तारही 'एफएलए' एवढाच उरतो, म्हणून प्लेअर ती फाइल ओळखत नाही. कॉपीच्या आधी सर्व्हरच्या शेअरवर (नेटवर्कवर दिसणाऱ्या फोल्डरमध्ये) टिल्ड शोधा. जेवढी नावं सापडतील त्यांचे टॅग सर्व्हरच्या ॲपमधून दुरुस्त करा (प्रश्नचिन्ह काढा, अपूर्णविरामाऐवजी डॅश). काही सर्व्हर टॅग बदलला की फाइलीचं नावही बदलतात. जे बदलत नाहीत त्या फाइली कॉपी झाल्यावर एमपी३टॅगच्या 'टॅगवरून फाइलनाव' या सोयीने सुधारता येतात. टॅग शाबूत असतातच.

---

पांढरकवडा_लाइन

वरचं झालं असं धरून नेटवर्कचं सांगतो.

विंडोज ११ वर सर्व्हर उघडत नाही, कारण तो फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली वाटण्याच्या विंडोजच्या भाषेची जुनी आवृत्ती) बोलतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस ज्या वाटेने पसरलं तीच ही वाट. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमध्ये ती एक तर येतच नाही, नाहीतर वापरली नाही तर आपोआप निघून जाते. कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, 'विंडोज फीचर्स चालू-बंद करा', त्यात एसएमबी १.० च्या पुढची अधिकची खूण (+) उघडा आणि फक्त 'क्लायंट'वर टिक करा. 'सर्व्हर'वर नको. काम झालं की तीच टिक काढा, विसरू नका. एनएएसवर मात्र किमान एसएमबी २ ठेवा. एनएएसला एसएमबी १ ची काहीही गरज नाही.

टिक असेपर्यंत ही यंत्रं इंटरनेटपासून तोडलेली बरी. कॉपीला इंटरनेट लागतच नाही. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घ्या, त्यात सर्व्हर, एनएएस आणि लॅपटॉप जोडा, स्विचवरून राउटरकडे जाणारी वायर काढा. राउटर नसला की आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देणारं कोणी उरत नाही, म्हणून वायर काढायच्या आधी तिघांना हाताने आयपी द्या: १९२.१६८.५०.१०, ५०.११, ५०.१२, मास्क २५५.२५५.२५५.०. मग फाइल एक्सप्लोररमध्ये सर्व्हरचं नाव न टाकता थेट आयपी टाका. 'नेटवर्क'च्या यादीत तो दिसला नाही तरी आयपीने उघडतो.

वायफायने हे काम करू नका. २.४ गिगाहर्ट्झवर खरा वेग सेकंदाला ४ एमबी धरा, २७० जीबीला १९ तास लागतील. त्यात सर्व्हर ते पीसी आणि पीसी ते एनएएस असा दोनदा वायफाय ओलांडला तर त्याच्या दुप्पट. १०० एमबीपीएसच्या वायर्ड पोर्टवर ११ एमबी, म्हणजे सातेक तास. गिगाबिटवर जुन्या लॅपटॉप डिस्कने ५० एमबी दिले तरी दीड तास. सर्व्हरचाच पोर्ट १०० चा असेल तर सात तासांना इलाज नाही, पण ते आधी पाहून घ्या. स्विच आणि एनएएस गिगाबिट असूनही लिंक १०० ची दिसली तर वायर तपासा. गिगाबिटला वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एक जोडी उंदराने कुरतडली किंवा क्रिम्पिंगमध्ये (टोकाला प्लग लावताना) नीट बसली नाही की लिंक गुपचूप १०० वर येते, आणि 'नेट तर चालतंय' म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

कॉपी एक्सप्लोररने ओढून करू नका. तो सुरुवातीलाच पूर्ण आकाराची फाइल आखून घेतो. मधे वीज गेली तर आकार बरोबर, आत अर्धं रिकामं, अशी फाइल राहू शकते. मग 'ही फाइल आहे, वगळू का?' असं विचारलं की माणूस 'हो' म्हणतो. लिनक्स मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप चालतो) करा, दोन्ही शेअर जोडा (जुन्याला व्हर्जन १.० सांगावं लागतं) आणि आरसिंक हा कॉपीचा हुकूम वापरा. पर्याय 'आर', 'टी', 'व्ही' एवढे पुरेत. आरसिंक तात्पुरत्या नावाने लिहितो आणि फाइल पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतो. तुटलं की तोच हुकूम पुन्हा द्या, झालेल्या फाइली तो सोडून देतो. आधी 'एन' लावून कोरडी फेरी करा, काय कुठे जाणार ते वाचा. स्रोत फोल्डरच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट जातो. इथेच बहुतेकांचं फोल्डरात फोल्डर होतं.

विंडोजवरच करायचं असेल तर त्यातलाच कॉपीचा हुकूम रोबोकॉपी: /ई /झेड /आर:३ /डब्ल्यू:५ /एफएफटी (टंकताना अर्थातच रोमन अक्षरं). आर आणि डब्ल्यू दिलेच पाहिजेत. नाही दिले तर तो एकेका अडलेल्या फाइलीसाठी दहा लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करत बसतो. /एमआयआर लावू नका. स्रोताचं आणि ठिकाणाचं नाव उलटं पडलं तर भरलेल्या बाजूचं सगळं पुसलं जातं.

---

खंजिरी

सर्व्हरवर फ्लॅकचा पर्याय सापडला, एक अल्बम करून पाहिला, नावं आली. एनएएस सिनॉलॉजी कंपनीचं आहे, त्यावर शेअर एन्क्रिप्टेड (पासवर्डने कुलूपबंद) केलंय. लांब नावाच्या काही भजनांना 'नाव फार मोठं' असा निरोप येतो. तीच फाइल सर्व्हरवर व्यवस्थित आहे. शिवाय वाचनालयातल्या जुन्या मॅकवर थोडे अल्बम होते, ते आरसिंकने पाठवले तर काही फाइली एनएएसवर दोन-दोन झाल्या, नाव अक्षरशः सारखं.

---

चौरेचाळीस_दशांश_एक

एन्क्रिप्टेड शेअरमध्ये फाइलनावाची मर्यादा २५५ नाही, १४३ बाइट आहे. देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, आणि मात्रा व हलन्त वेगळे मोजले जातात. 'विठ्ठल' डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण तो ६ चिन्हं, १८ बाइट. म्हणजे १४३ मध्ये विस्ताराचे ५ बाइट सोडले तर देवनागरीची ४६च चिन्हं मावतात, आणि भजनाची पहिली ओळ अन् गायकाचं नाव एकत्र आलं की ओलांडलीच. संगीताला एन्क्रिप्शनची गरज नाही. साधं शेअर बनवा, मर्यादा २५५ बाइट होते, जी सर्व्हरवर आधीपासूनच आहे.

मॅकवरच्या जुळ्या फाइलींमध्ये 'ऱ' शोधा: वाऱ्या, दऱ्या, तऱ्हा असे शब्द. यूनिकोडमध्ये 'ऱ' एका चिन्हानेही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क नाव फोडून दोन चिन्हांत ठेवते, लिनक्स जसं आलं तसं ठेवतं. दिसायला एक, बाइट वेगळे, म्हणून दोन फाइली. मॅकवरच्या आरसिंकला 'आयकॉन्व्ह' या पर्यायात 'यूटीएफ-८-मॅक, यूटीएफ-८' सांगितलं की हे थांबतं. मॅकसोबत येणाऱ्या जुन्या आरसिंकमध्ये हा पर्याय नाही, आवृत्ती ३ टाकावी लागेल.

---

वर्धाकाठ

विजेचं सांगतो भाऊ, काहून की बाकी सगळं इथंच अडते.

घरचा इन्व्हर्टर एनएएसला पुरत नाही असं नाही. दोन डिस्कचं एनएएस १५ ते २५ वॉटच घेते. अडचण बदलाच्या क्षणाची आहे. इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड' असला तं तोच ठेवा, नाही तं लाइटवरून बॅटरीवर जाताना एनएएस रीस्टार्ट होऊ शकते. सगळ्यात चांगलं म्हणजे यूएसबीवाला छोटा यूपीएस थेट एनएएसला जोडणं. लाइट गेली की एनएएसला कळते, ठरवलेल्या मिनिटांनी ते स्वतःहून नीट बंद होते. स्विच आणि सर्व्हर दोन्ही त्याच यूपीएसवर घ्या. नुसतं एनएएस चालू राहून स्विच बंद पडला तं कॉपी तुटलीच.

झटक्याने बंद पडलं तं रेड १ बऱ्याचदा दोन्ही डिस्क पुन्हा जुळवायला घेते. ४ टीबीला १५० एमबीच्या वेगानेही सात-साडेसात तास. त्या वेळात कॉपी चालते, पण रांगत. आधी जुळवणी होऊ द्या.

शेतीपंपाच्या थ्री-फेजची वेळ माहीत असेलच. पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, यूपीएस सारखा बॅटरीवर जाते आणि बॅटरी उतरते. ती वेळ टाळून लावा.

उन्हाळ्यात खोली ४५ अंशाला पोचते. डिस्कचा आकडा एनएएसच्या पानावर दिसते, तो ५० च्या खाली राहिला पाहिजे. टिनाच्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, आणि कूलरच्या झोतात तं बिलकुल नाही. ती हवा गार असते पण ओली असते. खालच्या मजल्यावर, भिंतीपासून हातभर दूर, साधा पंखा. रोहिण्या-मृगात ढग गडगडायला लागले की राउटरकडून येणारी वायर काढून ठेवा, वीज तिकडूनही येते.

---

चौरेचाळीस_दशांश_एक

तपासणीचं राहिलं. कॉपी संपली की दोन्हीकडच्या फ्लॅक फाइलींची संख्या मोजा. मग एनएएसवरच्या सगळ्या फाइलींवर फ्लॅक प्रोग्रामची 'टेस्ट' चालवा. फ्लॅक बनताना मूळ आवाजाचा एमडी५ आकडा (डेटावरून काढलेला तपासणीचा ठसा) फाइलीत लिहिला जातो. टेस्ट फाइल उलगडून तो आकडा पुन्हा काढते आणि ताडते, म्हणून यासाठी सर्व्हर लागत नाही. 'एमडी५ नोंदलेला नाही' असा इशारा आला तर फाइल बिघडली असं नाही, बनवणाऱ्याने आकडा लिहिला नव्हता एवढंच. अशा फाइलींपुरती आरसिंकची 'सी' फेरी करा. ती दोन्हीकडचं सगळं वाचते, तेव्हा कॉपीइतकाच वेळ धरा. आणि चरे पडलेल्या सीडीवरून रिप करतानाच आवाज तुटला असेल तर तो दोष यातल्या कशातच सापडणार नाही. ते अल्बम कानाने ऐका.

रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते. रूपांतरानंतर सगळं मिळून २००-२२० जीबी होईल. ५०० जीबीची एक यूएसबी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून त्यावर दुसरी प्रत घ्या आणि ती वाचनालयात न ठेवता दुसऱ्या घरी ठेवा. ही प्रत आणि टेस्ट दोन्ही पार पडेपर्यंत जुना सर्व्हर पुसू नका, विकूही नका.